शेवटचं पान उघडण्याआधी

प्रल्हाद,

तुझा दहावा झाला, तरी तुझ्या घरातली बैठक अजून उठलेली नाही. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेलीच आहे. लातूरकडची मंडळी भिंतीला टेकून बसलेली असतात, आणि भेटायला नवा माणूस आला की तोच विषय पहिल्यापासून सुरू होतो. ऑपरेशन करायलाच नको होतं. काल तुझे थोरले चुलतभाऊ मला असे सुनावत होते, जणू सुरी मीच चालवली. "गोळ्यांवर चांगलं चालायलं होतं की. उगं कापाकापी करायचं काय नडलं होतं?" मी एक शब्द बोललो नाही. माझ्यासारखा माणूस गप्प बसला हे तुला खरं वाटणार नाही, पण बसलो.

बोलणाऱ्याचं काय जातं म्हणा. निकाल लागल्यावर सगळेच शहाणे असतात. पण हे चालू असताना संगीता वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी सगळं ऐकलं, तांब्या तिथंच खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. तू गेल्याचं दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर इतके दिवस बघतोय, ते मला ओळखू येतं. काल दिसलं ते वेगळं होतं. या बाईला वाटतंय की नवरा आपल्यामुळे गेला.

ही समजूत काढायचं काम खरं तुझं. ते करायला तू नाहीस, म्हणजे ते माझ्या गळ्यात. त्यासाठी आज दुपारी मी पुन्हा तुझ्या घरी गेलो होतो. तिथं काय झालं ते तुला सांगायचंय, पण सरळ तिथून सुरुवात केली तर तू म्हणशील, विलासला नेहमीप्रमाणे निकाल सांगायची घाई. तेव्हा जरा मागून येतो.

आपली ओळखच भांडणातून झाली. महाळुंग्याच्या कंपनीत तू क्वालिटीला, मी डिस्पॅचला. माल अडवणं हा तुझा धर्म आणि माल पाठवणं हा माझा. दिवसभर एकमेकांच्या नावानं बोटं मोडायची आणि सुटल्यावर चिंचवडला येणाऱ्या एकाच बसमध्ये शेजारी बसायचं. बस स्पाइन रोडला लागेपर्यंत आपण बोलायचो नाही. मग तू डब्यातले उरलेले शेंगदाणे पुढं करायचास आणि मी ते खायचो. मी खाल्ले म्हणजे भांडण मिटलं असं तू समजायचास. मी तसं काही समजत नव्हतो.

तो गेजचा किस्सा आठवतो? माल मोजायच्या गेजची तपासणी करून घ्यायची मुदत उलटून गेली होती, आणि ते तुझ्या लक्षात आलं तेव्हा माझा ट्रक भरून गेटवर उभा होता. ड्रायव्हर काच पुसून तयार. तू येऊन म्हणालास, "उतरव. ज्या मापानं मोजलंय त्या मापावरच माझा भरवसा नाही." मी हात जोडले, शिव्या दिल्या, साहेबांना फोन लावला. ट्रक उतरला. दुसऱ्या दिवशी गेज तपासून आलं तर अगदी बरोबर होतं आणि मालात एक नग खोटा नव्हता. तिकडून गिऱ्हाईक ओरडत होतं, इकडून साहेब. बसमध्ये मी तुला म्हणालो, "झालं समाधान? सगळा माल चोख निघाला." तू शांतपणे म्हणालास, "निघाला, हे आपलं नशीब. काल आपल्याला ते माहीत नव्हतं."

"पण निघाला ना?"

"विलास, कावळा बसला आणि फांदी मोडली नाही, म्हणून फांदी मजबूत ठरत नाही."

मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसलो. त्यानंतर बरेच दिवस मागंच बसत होतो. शेंगदाणे मात्र तू हातोहात मागं पाठवत राहिलास, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यातले निम्मे गायब झालेले असायचे.

पत्ते आपल्यात माझ्यामुळे आले. माझा पुतण्या मारुंजीत तीन पोरांबरोबर खोली घेऊन राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं मला पोकर शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, मधे टप्प्याटप्प्यानं पाच उघडी पानं, आणि पान उघडत जाईल तसं दरवेळी ठरवायचं की आपला माल आणखी पुढं लोटायचा की पत्ते टाकून गप्प बसायचं. मला वाटलं, हा नशिबाचा खेळ आहे, प्रल्हादला झोंबेल. म्हणून मुद्दाम तुला शिकवला. तुला तो असा आवडला की माझाच डाव माझ्यावर उलटला.

आपली सुट्टी गुरुवारची. गुरुवारी सकाळी निघोज्याला बबनरावांकडं बसायचं. बबनराव म्हणजे कंपनीला पाण्याचे टँकर पुरवणारे गावकरी. त्यांनी भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांपुढं पत्र्याची शेड होती, तिथं आपली बैठक. पैसे लावायला तू पहिल्याच दिवशी नकार दिलास. "पैसे लावले की माणूस निकालच बघत बसतो," म्हणालास. मग खेळायचं कशावर, तर नटबोल्टखाली घालतात त्या वॉशरवर. मी म्हणालो, कंपनीच्या भंगारात ढीग पडलाय, मूठभर उचलू. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी विषय सोडला. कंपनीचं भंगारसुद्धा कंपनीचंच. भोसरीच्या दुकानातून तू तीन मापांचे कोरे वॉशर विकत आणलेस, आणि घरी बसून प्रत्येकाची धार घासलीस, कुणाचं बोट कापायला नको म्हणून.

एकदा बबनरावांच्या हातात सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. यापेक्षा रद्दी हात पोकरमध्ये नाही. आणि त्या माणसानं मधलं एकही पान उघडायच्या आधी आपले सगळे वॉशर पुढं सारले. तुझ्याकडं दोन एक्के. तूही सगळे सारलेस. मग मधे सत्ती आली, आणि शेवटचं पान आलं दुर्री. त्यांच्या दोन जोड्या झाल्या, तुझी एक्क्यांची एकच. बबनराव मांडी ठोकून उठले.

तू हात पुढं करून त्यांचं अभिनंदन केलंस आणि म्हणालास, "डाव तुमचा, बबनराव. निर्णय मात्र भिकार."

"आरं, जिकलो न्हवं मी?"

"जिंकलात. पण कशाच्या जोरावर सारलं होतं ते सांगा."

"सत्ती मला लागती. लगीनसुदिक सात तारखंचं हाय माजं."

सगळे हसलो. तूही हसलास, आणि त्याच दिवशी तू आपल्या बैठकीचा कायदा केलास. दोघांचा सगळा माल पुढं आला, आता बोलून कुणाचा फायदा-तोटा होणार नाही, अशा वेळी शेवटचं पान उघडायच्या आधी दोघांनी आपापलं कारण मोठ्यानं सांगायचं. मग पान उघडायचं. आणि बरोबर कारण देऊन जो हरेल, त्याला चहाचा पहिला कप. जिंकणाऱ्याला मागून. बबनरावांना हे अजिबात पटलं नाही. "जिकणाऱ्याला गार च्या, आन हरणाऱ्याला वाफंचा? ह्यो कुठला न्याय?" पण चहा त्यांच्या घरचा असूनही त्यांनी कायदा पाळला.

मी तो कायदा मोडायला बघायचो. एकदा पान उघडायच्या आधी मी म्हणालो, "मला वाटलं तू फसवतोयस." पान उघडलं, मी जिंकलो. मग चहा पिताना मी बबनरावांना समजावून सांगायला लागलो की मी कसा सगळा हिशेब केला होता, किती पानं शिल्लक होती, वगैरे. तू मधेच म्हणालास, "आधी 'वाटलं' म्हणाला होतास." मी चिडलो. तू म्हणालास, "चिडू नको. सगळे करतात. निकाल बघितला की माणूस आपली कारणं धुऊन, इस्त्री करून आणतो. म्हणून तर आधी सांगायची."

मला हे कधी पूर्ण पटलं नाही, आणि ते तुला माहीत होतं. माझं म्हणणं होतं की जगात कुणी कारणांचा पगार देत नाही. ट्रक पोचला का? पोचला. मग झालं. तू म्हणायचास, "एका डावावरून काही ठरत नाही. पुष्कळ डाव खेळ, मग बरोबर खेळणारा वर येतो." एका गुरुवारी मी तुला त्यावर पकडलं. म्हणालो, "पत्त्यांचे पुष्कळ डाव असतात, प्रल्हाद. काही गोष्टींचा आयुष्यात एकच डाव असतो. तिथं बरोबर खेळून हरला, तर तुझा वाफेचा चहा कुणाला पाजायचा?" तू पत्ते पिसत राहिलास. मग म्हणालास, "याचं उत्तर माझ्याकडं नाही. सापडलं तर सांगतो." इतक्या वर्षांत तुला निरुत्तर केलेलं ते पहिलं आणि शेवटचं. त्या दिवशी फार आनंद झाला होता. आज तो डाव मी खुशाल परत घ्यायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र तुझी माझ्या घरात शिरली, आणि तिचे आभार मानायचे राहून गेले. माझ्या प्राजक्तानं हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून नव्या छोट्या कंपनीत उडी मारली आणि ती कंपनी वर्षभरात बंद पडली. पोरगी घरी आली, समोर बसली. "सांगत होतो तुला" हे माझ्या जिभेवर आलेलं होतं. खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं, पण बापाला तेवढं आठवत नाही. तेवढ्यात तू आठवलास. मी तिला विचारलं, "सोडली तेव्हा तुला काय काय माहीत होतं?" ती बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. तिचं एकही कारण पोरकट नव्हतं. मी म्हणालो, "मग ठीकच होतं की." पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. नंतर आईला म्हणाली, "बाबांना बरं नाहीये का?" तो दिवस तू मला दिलास, राव. तुला हे कधी सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर वादात तुझी सरशी झाली असती.

मग तुझी ती हृदयाची झडप. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात जाताना तू दुसऱ्या मजल्यावर थांबून कुणाच्या तरी कुंड्यांची चौकशी करायला लागलास, तेव्हाच मला संशय आला होता. तुला झाडांचं कधीपासून पडलं? डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. गोळ्या घेत जपून राहायचं, किंवा ऑपरेशन. बहुतेक लोक ऑपरेशननंतर चालत घरी जातात, असंही ते म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत होतो. दुसरा कुणी असता तर 'बहुतेक' ऐकून खूश झाला असता. तू विचारलंस, "जे चालत घरी गेले नाहीत, त्यांचं काय झालं होतं, ते सांगता का?"  डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून खरोखर सगळं सांगितलं. एखादा नग का नापास झाला ते तू लाइनवरच्या माणसाला विचारायचास, अगदी त्याच आवाजात तू प्रश्न विचारत होतास.

खाली आलो. पार्किंगजवळच्या कट्ट्यावर ऊन होतं, तरी तू तिथंच बसलास. म्हणालास, "करून घेतो. कारण ऐकून ठेव."

मी म्हणालो, "गप बस. हा काय पत्त्यांचा डाव आहे?"

"म्हणून तर ऐक." आणि तू सांगितलंस. गोळ्यांवर राहिलं तरी झडप सुधारणार नाही, बिघडतच जाणार. मग नाइलाजानं पुढं करण्यापेक्षा अंगात ताकद आहे तोवर केलेलं बरं. डॉक्टरनं वाईट गोष्टी न लपवता सांगितल्या, म्हणजे त्याला आपलं काम कळतं. आणि कुंड्यांची चौकशी करत जिने चढायचा तुला कंटाळा आला होता. जपून जगायची तुझी तयारी नव्हती.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण भीती धरून बसलो तर कुठलंच पान उघडता येणार नाही." मग तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. तू असं कधी करत नाहीस. म्हणालास, "पान वाईट निघालं तर लोक बोलतील. निकालावरून माझी कारणं बदलू देऊ नको."

"हे मला कशाला सांगतोस? वहिनींना सांग."

"तिला सांगितलं तर ती आत्ताच रडेल. आणि तू माझ्या बाजूचा नाहीस. माझी बाजू तू सांगितलीस तर लोकांना खरं वाटेल."

ऑपरेशन उत्तम झालं. तू शुद्धीवर आलास, माझ्याकडं बघून बबनराव आले का म्हणून विचारलंस. आणि मग सगळं सुरळीत चाललेलं असताना रक्ताची गुठळी मेंदूकडं गेली. डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या वाईट गोष्टींपैकीच ती एक होती. कुणाची चूक नव्हती. चूक असती तर मी कुणाला तरी धरलं असतं, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आणि आता आजची दुपार. पाहुणे जेवून आडवे झाले होते. वहिनी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होत्या. मी जाऊन दारात उभा राहिलो. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, पण त्याच आधी बोलल्या, आणि माझ्याकडं न बघता बोलल्या.

"भाऊजी, मीच मागं लागले होते. रोज जिन्यात थांबत थांबत येतात, बघवत नव्हतं मला. करून टाका एकदाचं, म्हणले. जेवताना म्हणले. दुसऱ्याच दिवशी ते तुमच्यासंगं दवाखान्यात गेले." कपडे त्यांच्या हातात तसेच होते. "मी बोलले नसते तर गोळ्यांवर राहिले असते ना ते?"

प्रल्हाद, इथं मला तुझ्या बाजूनं बोलायचं होतं, आणि आयुष्यभर मी विरुद्ध बाजूनं बोललोय. तरी पहिल्यांदाच मला काही शोधावं लागलं नाही. मी त्यांना कट्ट्यावरची सगळी गोष्ट सांगितली. तू डॉक्टरांना काय विचारलंस ते, डॉक्टर काय म्हणाले ते. झडपेचं, अंगातल्या ताकदीचं, जिन्याचं. भीती वाटते म्हणालास, तेही सांगितलं. काही धुतलं नाही, इस्त्री केली नाही. ऐकताना त्या एकेक कपडा घडी करून कठड्यावर ठेवत होत्या. माझं संपलं तेव्हा त्या थांबल्या.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं. "मी म्हणले म्हणून करतोय, असं काही म्हणाले का?"

मी घाबरलो. नाही म्हणावं तर नवऱ्याच्या शेवटच्या निर्णयात बायकोचं नावसुद्धा नव्हतं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? हो म्हणावं तर खोटं, आणि तू खोटा माल जाऊ दिला नसतास. मी खरं ते सांगितलं. "नाही वहिनी. तुमचं नाव निघालं नाही."

"नक्की? माझं ऐकून नाही केलं?"

"नक्की."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलायला लागले, आणि मला वाटलं, झालं, मी घाण केली. तर त्या म्हणाल्या, "बघा. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या मनासारखी कधी एक भाजी आणली नाही. मी गवार म्हणावं आणि यांनी दोडका आणावा. माझं ऐकून ऑपरेशन कशाला करतील." आणि त्या हसल्या, प्रल्हाद. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज करून हसल्या. आत तुझे चुलतभाऊ जागे झाले बहुतेक. हसता हसताच त्यांना रडू फुटलं, आणि घडी केलेले कपडे छातीशी धरून त्या बाल्कनीत खाली बसल्या. मी काही समजावायला गेलो नाही. इतके दिवस त्या स्वतःला शिक्षा केल्यासारख्या रडत होत्या. आज त्या फक्त तू नाहीस म्हणून रडल्या.